बिस्किटं फुगली

तुळसाच्या बाबांस,

झाली, तुम्ही बोटीवर करायचात तशीच! चुलीजवळच्या डब्यात चार ठेवली आहेत, फडकं काढून आधी बघा. हलकी फूल आहेत, बोटांनी उघडली की आत पापुद्रे. आणि तुम्ही सहा महिने सांगताय, बोटीवरची स्वयंपाक्याची नोकरी गेली, तिथली भट्टी गेली, आता माझ्या हातून काही होणार नाही. घ्या! तपेल्यात वाळू घातली, झाकणावर निखारे ठेवले, झाली भट्टी.

पहिल्या दोन खेपांना दगड का झाले तेही कळलं. तुम्ही अंथरुणातून ओरडत होतात, "मळू नको!" पण माझा हात चपातीचा, तो ऐकतोय थोडाच. आज डावा हात पदराला बांधून टाकला, पिठात सोडा मिसळून लोणी चोळलं, ताक घातलं नि नुसतं गोळा केलं.

बाकीची बारा घेऊन मिरकरवाड्याला हौसावन्संकडे चालले आहे. "दादा आता अंथरूण सोडत नाही," असं त्याच चारचौघांत म्हणाल्या होत्या ना? बिस्किटं कोणी केली, असं विचारतील. तुमचं नाव मी कसं घेणार? पदर तोंडाला लावून नुसती लाजेन. काय समजायचं ते समजतील.

संध्याकाळी त्या सगळ्यांना आपल्याकडे गरम गरम खायला घेऊन येते. मैदा परातीत आहे, ताक शिंक्यावर.

निखारे अजून लाल आहेत. उठा.

तुळसाची आई