उत्तरेच्या खिडकीतला निळा

२ सप्टेंबर, मंगळवार

बाबा पुन्हा खिडकीत. बरोबर पाचला! दोन्ही हात छातीपुढे, चिमटीत काहीतरी धरल्यासारखे — आणि चिमटीत काहीच नाही. मी टेबलाशी वाचत बसलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं. मग पाणी प्यायला गेले.

कारखाना सुटून चार महिने झाले. आई म्हणते, "अशा येरझाऱ्या घालून फरशी झिजवलीत तर घरमालक तिचेही पैसे लावेल." बाबा हसतात. पण तिच्याकडे बघून नाही, भिंतीकडे बघून.

मला त्या रिकाम्या चिमटींची भीती वाटते. कोणाला सांगणार? म्हणून इथे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

बाबांचा नोकरीचा अर्ज टाइप करून दिला. हा नववा. "कामाचा अनुभव" या रकान्यात काय लिहू विचारलं तर म्हणाले, "लिही — कापड रंगवणे. सव्वीस वर्षे. डाइंग मास्तर." एवढंच! कुठल्या छटेला कुठला रंग किती ग्रॅम, हे ज्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, त्यांचं सगळं आयुष्य दीड ओळीत मावलं.

फाइलमध्ये काढून टाकल्याचं पत्र होतं. पहिल्यांदाच नीट वाचलं. "२२ नोव्हेंबर रोजी सकाळी आपण पास केलेला गडद निळ्या कापडाचा लॉट हिरवट झाक असल्याने ग्राहकाने परत केला. सबब..." अकरा हजार मीटर. सबब नंतरचं वाचवेना.

"तुम्ही भांडलात का नाही, बाबा? एका चुकीसाठी सव्वीस वर्षं?"

"सही माझीच होती."

"पण कोणीतरी बाजू घ्यायला —"

"सही माझी होती गं," ते म्हणाले आणि फाइल माझ्या हातातून काढून घेतली. ओढली नाही. हळूच काढून घेतली.

८ सप्टेंबर, सोमवार

कॉलेजच्या फीचा दुसरा हप्ता तीस तारखेपर्यंत. नाही भरला तर परीक्षेचा अर्ज घेणार नाहीत. फीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "नियम मी नाही केले गं." कोणी केले, तेही सांगितलं नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

रेडिओ (मैत्रीण — बंद व्हायचं बटण नाही म्हणून हे नाव) कँटीनमध्ये ओढत होती. पोट बिघडलंय म्हटलं. "तुझं पोट महिनाभर बिघडलंय. डॉक्टर तरी बदल!" म्हणाली आणि स्वतःचा डबा अर्धा माझ्याकडे सरकवला. तिला कळलंय. मला कळलंय की तिला कळलंय. दोघी परीक्षेबद्दल बोलत राहिलो.

घरी आले तर पाच वाजलेले, बाबा खिडकीत. आज त्यांच्या चिमटीत काय असायचं ते आठवलं. तुकडे! रंगवलेल्या कापडाचे, बोटभर.

मी लहान असताना ते डब्यातून आणायचे. ग्राहकाचा नमुना मध्ये, कारखान्यातले दोन प्रयत्न दोन बाजूंना. उत्तरेच्या खिडकीत धरायचे — ऊन थेट येत नाही, तिथेच रंग खरं बोलतो म्हणायचे — आणि मला विचारायचे, "मोठ्या साहेब, डावा की उजवा?" नमुन्याच्या जास्त जवळचा कुठला ते मी सांगायचे. बरोबर आलं की एक सलाम. आठवीत असताना मला त्याची लाज वाटायला लागली आणि ते थांबलं. अकरावीत अचानक पुन्हा सुरू झालं! "साहेब, जरा बघता का?" मला वाटलं, बाबांना म्हातारपण आलं, लेकीच्या लहानपणाची आठवण येते. मग या वर्षी पुन्हा बंद. मला वाटलं, मी मोठी झाले.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

आई लोकांच्या पॅंटी आखूड करून देते, चेन बदलते. हल्ली बाबा तिला मदत करतात. दोऱ्याची रिळं लावून देणं, सुई ओवणं. आज एक काळी पॅंट होती. बाबांनी डब्यातून रीळ काढलं, "हे घे." आईने शिवलं. बाबा दूध आणायला खाली गेले. जिन्यावर त्यांची पावलं विरली, आणि आईने कात्रीचं टोक घेऊन ती सबंध शिवण उसवायला घेतली.

"अगं, चांगली तर शिवली होतीस!"

तिने पॅंट खिडकीशी धरली. काळ्या कापडावर निळी शिवण. शाईसारखी निळी.

"त्यांना नाही दिसलं?"

"हळू बोल."

"कधीपासून?"

"तीन वर्षं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याची नस आहे, चष्म्याचं काम नाही. पेपर वाचतात, सुई ओवतात. फक्त निळा, हिरवा, काळा — तेवढं सगळं एक झालंय."

"आणि कारखान्यात?"

"तिथे कोणाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं."

"मग तीन वर्षं रंगाची छटा बघत कोण होतं?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग काळा दोरा ओवून घेतला.

१४ सप्टेंबर, रविवार

मी! मी बघत होते!

अकरावीपासून. टेबलाशी बसून, पेन कानावर ठेवून — "उजवा." "डावा." "दोन्ही नाही, पिवळट आहेत." आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्यावर हजारो मीटर कापड रंगून निघत होतं. खेळ नव्हताच तो. मला सगळं आठवतंय: मी उत्तर दिल्यावर ते सलाम करायचे, पण लगेच जायचे नाहीत. "नक्की ना, साहेब?" म्हणायचे. आवाज थट्टेचा, डोळे नाही.

आधी अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू. मग ते काढून टाकल्याचं पत्र आठवलं.

मग वाटलं — तो गडद निळा त्यांनी मला दाखवलाच नसणार. दाखवला असता तर मी पकडला असता! हिरवट झाक मला दहा फुटांवरून कळते. आईला तसं म्हटलं. ती म्हणाली, "तांब्या भरून ठेव गं."

१७ सप्टेंबर, बुधवार

कॉलेजच्या गेटवरच्या पहारेकरी काकांना नवा गणवेश आलाय. गडद निळा. सकाळच्या सावलीत बघितला आणि पाय थबकले. हिरवट. तळ्याच्या तळासारखा.

"नवीन दिसतोय, काका."

"एजन्सीने दिला. कुठलासा परत आलेला माल आहे म्हणे, स्वस्तात उचलला. आपल्याला काय, खिसे चार आहेत!"

अकरा हजार मीटर. किती माणसांचे गणवेश होतील?

१८ सप्टेंबर, गुरुवार

बॅंकेच्या दारात एक. दवाखान्याच्या फाटकावर दोन. औषधाच्या दुकानासमोर खुर्चीवर एक, पेंगत. कुठेही वळा, उभेच. बाबांची चूक गावभर पहारा देतेय.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बाबा कॉलेजला आले, फीची मुदत मागायला. नको म्हटलं तरी आले. इस्त्रीचा शर्ट, पायात आईने शोधून दिलेले मोजे. मुदत मिळाली नाही. त्या बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखे रोज दहा येतात." बाबा म्हणाले, "हो, येत असतील." जणू त्या दहांच्या वतीनेच माफी मागितली.

परत जाताना गेटवर काकांपाशी थांबले. बाबांनी काकांची बाही दोन बोटांत धरली आणि चोळून बघितली.

"हे कापड आमच्याकडचं," म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला! "वीण बघा. आमचंच."

"काय सांगता! तुम्ही मालक?"

"छे हो. मी आपला रंगवणारा." मग माझ्याकडे वळले. थट्टेचाच आवाज. "साहेब, रंग बरा आलाय ना?"

काका बाही पुढे करून उभे. मी त्या निळ्याकडे बघितलं.

"छान आलाय, बाबा."

ते खूश होऊन बसस्टॉपकडे चालत गेले. मी तासाला बसले नाही. स्वच्छतागृहात नळ सोडून उभी राहिले.

२२ सप्टेंबर, सोमवार

नवव्या अर्जाचं उत्तर आलं! नदीपलीकडच्या रंगकामाच्या कारखान्यात शुक्रवारी बोलावलंय. मालक स्वतः तुकडे दाखवून परीक्षा घेणार आहेत. आगाऊ पगार देतात म्हणे. म्हणजे तीस तारीख निघेल!

बाबा संध्याकाळी टेबलाशी आले. खुर्चीच्या पाठीला हात.

"शुक्रवारी मोकळी आहेस?"

"का?"

"माझ्याबरोबर ये. लेक आहे, कारखाना बघायला आलीय म्हणू. तू फक्त खिडकीशी उभी राहा. डावा असेल तर रुमाल डाव्या हातात घे. उजवा असेल तर —" मी त्यांना एवढं बारीक झालेलं कधी बघितलं नव्हतं. मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे, पण आम्ही दोघं फक्त रुमालावर बोललो.

आई मशीनवरून उठलीसुद्धा नाही. "आणि शनिवारी? सोमवारी? रोज कोणाच्या रुमालावर कापड रंगवणार आहात?"

मशीन पुन्हा सुरू झालं.

२४ सप्टेंबर, बुधवार

रुमाल धुऊन ठेवला. पांढरा. निदान त्यात तरी चूक नको.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

गेलो. मालक म्हातारे, कानाने कमी, बोलण्यात तिखट. हातांच्या रेषांत रंग मुरलेला — मालक होण्याआधी हौदाशी उभे राहिलेले असणार. उत्तरेला मोठी खिडकी. मी तिच्याशी. रुमाल मुठीत भिजलेला.

"मास्तर, हा नमुना. हे दोन. सांगा." तिन्ही निळे!

बाबांनी तुकडे घेतले. चिमटीत धरले. कितीतरी महिन्यांनी त्या चिमटींत काहीतरी होतं. मी रुमाल उजव्या हातात घेतला. उजवाच होता, सरळ दिसत होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग तुकडे टेबलावर ठेवले.

"साहेब, मला हे तिन्ही सारखे दिसतात. तीन वर्षं झाली."

"काय?" मालकांनी कानाला हात लावला.

बाबांना तेच वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणावं लागलं! बाहेरचे दोन कामगार वळून बघायला लागले.

"मग इथे का आलात, वेळ घालवायला?"

"कृती सगळ्या पाठ आहेत. कुठला रंग किती, पाणी किती तापवायचं, कापड कधी काढायचं, ते वासावर सांगतो. बघायचं काम होत नाही. ते ही करते." मग मला म्हणाले, "पोरी, ये. घाई नको. मान वर कर, नीट बघ, मग सांग."

मान वर कर? मी तर वरच बघत होते.

मालकांनी चौदा जोड्या दाखवल्या. शेवटची फसवी होती, दोन्ही तुकडे एकाच कापडाचे. तेही सांगितलं. म्हातारे खुर्चीत मागे रेलले.

"मास्तर, डोळे घरी विसरून आलात वाटलं. बरोबर घेऊनच आलात की!" मग मला, "कॉलेज किती वाजता सुटतं?"

"तीनला."

"चार ते सात ये. दिवसाचे लॉट ठेवून देऊ, उजेड असेपर्यंत बघायचे. मास्तर सकाळपासून येतील. दोघांचा मिळून दीड पगार, अर्धा आगाऊ. याहून जास्त मागू नका, मीही बाजारातच बसलोय."

बाबा मान हलवत राहिले. थांबवताच येईना.

निघताना मालकांनी विचारलं, "काय गं, इतकी वर्षं बघतेस. कधी चुकलीस?"

"नाही," मी म्हटलं. ताठ मानेने!

बाबा चप्पल घालायला वाकलेले. खूप वेळ वाकलेलेच राहिले.

२७ सप्टेंबर, शनिवार

फी भरली. पावती आईने दोनदा वाचली आणि देवापुढे ठेवावी तशी कपाटात ठेवली. आज मशीनच्या आवाजात गुणगुणत होती. रेडिओला कँटीनमध्ये मी खायला घातलं. बाबा पाचला खिडकीत गेलेच नाहीत.

सगळं चांगलं आहे. मग ते गेटवरचे काका मला बघून सलाम करतात तेव्हा मी नजर का चुकवते? आणि ते "मान वर कर" — बाबा असं कधीच म्हणत नाहीत.

पत्रातली तारीख मला पाठ झालीय. सही २२ तारखेला सकाळी. म्हणजे तुकडे त्यांच्या हातात आदल्या संध्याकाळी असणार.

२८ सप्टेंबर, रविवार

माळ्यावरून मागच्या वर्षीची वही काढली. २१ नोव्हेंबर. माझंच अक्षर, घाईतलं —

"उद्या प्रॅक्टिकल! काही होत नाहीये. त्यात बाबा मध्येच आले, निळे तुकडे घेऊन. 'नक्की ना, साहेब?' दोनदा. डावा म्हटलं. मान वर केली नाही."