नावं गाळलेले विलाप

अथेन्स,
४ मार्च १९९८

ती. थ्रासीवुलोसमामांस,
स्ताव्रुलाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. पुस्तक छापून झालं! गावच्या बायका मृतासमोर बसून जे विलाप रचून गातात, ते सहा वर्षं मी टेपवर घेत होते. त्यातले चाळीस आता कागदावर आले.

संशोधन लोकांसमोर न्या, असं विद्यापीठाने यंदा सगळ्यांनाच बजावलंय. सहकारी इथेच, संग्रहालयात वाइन देऊन भाषणं करतील. मी मात्र आपल्या शाळेत वाचन करणार, शनिवारी २८ तारखेला. ज्यांच्या तोंडून घेतलं त्यांच्या पदरात आधी पडायला हवं, नाहीतर आपण नुसते शिकलेले चोर.

घर विकल्यापासून मी गावात पाहुणीच आहे. त्या बायका आल्या, तर पुन्हा तिथली झाल्यासारखं वाटेल. वीस प्रती पाठवते, कॉफीच्या दुकानात ठेवा. आणि ईस्टरआधीचे उपवास आहेत म्हणून निव्वळ पाव-ऑलिव्हवर राहू नका.

तुमची माया आटू नये, एवढंच मागणं.
स्ताव्रुला

कावोवुनी,
१४ मार्च

चि. स्ताव्रुलास,
मामाचे अ. उ. आ.

प्रती कॉफीच्या दुकानात ठेवल्या. पहिल्याच दिवशी गारुफालियाने नातीकडून आपला विलाप वाचून घेतला आणि प्रत बगलेत मारून माझ्या अंगणात हजर! म्हणाली, मास्तर, तुमची शहाणी भाची म्हणते मी बाई क्रमांक चार. बकरीच्या कानात बिल्ला अडकवतात तसा? बरं, मला लावा आकडा, मी म्हातारी. पण माझ्या पानागोसच्या जागी नुसतं प आणि टिंब? बावीस वर्षांचा पोर समुद्राने नेला, तेव्हा मी त्याला नावाने हाका मारत होते. तीच हाक पुसलीत, आणि वर ऐकायला बोलावता?

पोरी, चाळीस वर्षं मी संपात, सभांत घसा फोडला, की गरिबाचं नाव इतिहासात घ्या. राजांची घोडीसुद्धा नावानिशी नोंदली गेली आणि आपली माणसं मोजली गेली! आता तेच माझ्या हाताखाली वाढलेली पोर करते? विलापातून नाव काढलं की उरतं काय? नुसता आवाज.

कोणी येणार नाही. तू आलीस तर शाळेचं कुलूप मी काढीन. आयुष्यात एकही सभा रद्द केली नाही, हीही करणार नाही.

रागावलेला, तरी तुझाच,
मामा

अथेन्स,
२१ मार्च

ती. मामांस सा. न.

तुमचं पत्र दोन दिवस बॅगेत घेऊन हिंडले. इथे ते दाखवावं असं कोणी नाही.

विलापांत खुनांची, जुन्या वैरांची नावं येतात. कोणाच्या नातवाला त्रास होऊ नये म्हणून सगळीच नावं गाळायची, हा विद्यापीठाचा नियम. त्यांच्या रक्षणासाठीच मी त्यावर सही केली. पण पानागोसला समुद्राने नेलं. समुद्रापासून मी कोणाचं रक्षण करत होते?

तरी येते. समोरासमोर सांगेन.

तुमचीच,
स्ताव्रुला

कावोवुनी,
९ एप्रिल

चि. स्ताव्रुलास अ. उ. आ.

त्या संध्याकाळी तीस खुर्च्या, तू, मी आणि पावसातून आडोशाला आलेला टपालवाला. तू एक ओळही न वाचता दुसऱ्या सकाळच्या बसने गेलीस.

मग एक प्रत घेऊन दारोदार गेलो. प्रत्येक टिंबापाशी घरच्यांना विचारलं. जिथे वैराचं होतं आणि नको म्हणाले, तिथे टिंब ठेवलं. बाकी सगळी नावं शाईने लिहिली. विचारायला तीन दिवस लागले, पोरी. सही करायला किती वेळ लागला?

रविवारी प्रार्थनेनंतर शाळेत वाचलं. खुर्च्या पुरल्या नाहीत. पानागोसचं नाव घेतलं तेव्हा गारुफालिया नातीला म्हणाली, ऐक, तुझा मामा. खोटं कशाला सांगू, तुझी आठवण कोणी काढली नाही.

मग एक्क्याऐंशीवं पान आलं. त्यावर अ आणि टिंब. माझी बहीण, तुझी आई. हा विलापही गारुफालियाचाच. आईलासुद्धा तू नियमाने टिंब दिलंस! मी नाव उच्चारणार, तोच म्हातारीने हात वर केला. थांबा मास्तर, म्हणाली, हे पान लेकीचं. तिने येऊन म्हणावं, नाहीतर राहू द्या तसंच.

मी पुस्तक मिटलं.

मामा

अथेन्स,
१४ एप्रिल

ती. मामांस सा. न.

पत्र वाचलं. घरात कोणी नव्हतं, म्हणून मोठ्याने म्हणून पाहिलं: अर्गिरो. तिला पुरल्यापासून हे नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. टंकलिखित तपासताना सोळा वेळा खोडलं, एकदाही हात थांबला नाही.

शनिवारच्या बसने येते. शाळा उघडू नका, कोणाला बोलावू नका. गारुफालियाच्या अंगणात उभी राहून ते पान म्हणेन. दार तिने उघडलं नाही, तरी पूर्ण म्हणेन.

स्ताव्रुला, अर्गिरोची