भिंतीवरची टिकली

बाई, आज एका पोरीने माझी बोलती बंद केली. तुम्ही असतात तर पदर तोंडाला लावून हसल्या असतात. शेड अजून तीच आहे, आनंदनगरची, पत्रे तेवढे नवे. गाद्याही त्याच, उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांतून चिंध्या आणून आम्ही अजून त्या भरतो. आपल्याकडे सर्कस शिकायला आता शिरगावच्या सोसायट्यांमधली मुलंही येतात, डब्यात पास्ता घेऊन. तर आज दोन मुलींचा मनोरा चालला होता, एकीच्या खांद्यावर दुसरी उभी. खालची हलली आणि वरची धप्पकन गादीवर. लागलं कुणालाच नाही. मी तोंड उघडायच्या आत खालचीच म्हणाली, "ताई, मेरी गलती. मी वर बघितलं." संपलं. पाणी प्यायली, परत उभी राहिली. जाता जाता मात्र विचारते कशी, "ताई, तुम्ही कधी पाडलंय कुणाला?" मी म्हटलं, "छे गं!" अकरा वर्षांच्या पोरीपुढे मी धडधडीत खोटं बोलले, बाई.

माझी आई पलीकडच्या कंपनीत पॅकिंगला होती. बारवी धरणाच्या रस्त्याने आमच्या वाडीकडे एकटीने जायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून शाळा सुटली की मी कंपनीच्या गेटापाशी तिची वाट बघत बसायचे. एक दिवस तुम्ही शेडमधून ओरडलात, "ए पोरी, बसलीस काय नुसती? गादी धर जरा." ती गादी मी एकटीने उचलून आत आणली. बाजारात भोपळा बघावा तसे तुम्ही माझे खांदे चाचपलेत आणि म्हणालात, "हिला खाली उभी करा." झालं! जन्माची खालची झाले मी. वरचीला चमकीचा झगा, मला काळी पँट. नियम एकच, खालचीने समोर बघायचं, मान हलवायची नाही. मी कुरकुरले की तुमचं ठरलेलं, "खांबाने मांडव बघायचा नसतो, बये." मला असा राग यायचा! लोक वरचीला बघणार, टाळ्या वरचीला, आणि झेलायला बाजूला तुम्ही उभ्या, तर तुमचेही डोळे तिच्यावरच. झेलणारीने तिकडेच बघायचं असतं हे आता मी शिकवते. तेव्हा कोण समजून घेतंय.

मग शिरगावच्या मैदानातला तो कार्यक्रम. माझी वरची खांद्यावर उभी आहे, दोन्ही हात पसरून, आणि टाळ्या थांबतच नाहीत. तिच्या तळव्यांचा घाम मला खांद्यावर लागतोय. आणि मी मान फिरवते. एवढंच. ती कोसळली, तुम्ही तिला अंगावर घेतलंत आणि तुमचा उजवा खांदा निखळला. तिला साधं खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी तिचे वडील उल्हासनगरहून दुकान बंद ठेवून आले, सोबत चार पालक. "बाई, हे अभी के अभी बंद करा. मान मोडली असती तर?" हात गळ्यात बांधलेल्या तुम्ही शांतपणे म्हणालात, "चूक माझी आहे. वय झालं, हात उशिरा पोचला. पोरींचं काही चुकलेलं नाही." मी तुमच्या मागेच उभी होते, आणि गप्प होते. वर्ग वाचला, पण त्यांनी अट घातली, यापुढे बाईंनी कुणाला झेलायचं नाही. सगळी उमर सर्कशीच्या झोक्यावर माणसं झेलण्यात गेलेल्या तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात.

त्यानंतर तुमचा उजवा हात खांद्याच्या वर कधी गेलाच नाही. म्हणून सरावाच्या आधी तुमची वेणी मी घालायचे. "ओढू नकोस गं, केस आहेत ते, दोरखंड नाही!" बघणारे म्हणायचे, पोरगी किती माया करते बाईंवर. माया होतीच, देवाशप्पथ. पण रोज वाटायचं आज सांगू, आणि रोज वेणी संपायची. अशीच एकदा ती संपल्यावर तुम्ही उठलात, कपाळावरची टिकली काढलीत आणि डाव्या हाताने भिंतीवर लावलीत, बरोब्बर माझ्या डोळ्यांच्या उंचीला. "आता इथे बघायचं. दुसरीकडे कुठे नाही." म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मला ते तिथल्या तिथे कळलं, आणि तरी मी मुकाट्याने टिकलीकडे तोंड करून उभी राहिले. आज त्या भिंतीवर टिकल्याच टिकल्या आहेत, प्रत्येक खालचीची तिच्या उंचीला एक. नवी मुलं विचारतात, मी म्हणते, आमच्या बाईंची पद्धत. ती पद्धत का पडली ते सांगत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा शेवटची वेणीही मीच घातली. खोलीत दोघीच होतो. तेव्हा सांगायला काय झालं होतं मला? ओरडणारं कोणी नव्हतं. तरी नाही जमलं. उद्या सराव सुरू व्हायच्या आधी त्या पोरीला बोलावून सांगणार आहे, मी पाडलंय गं, आणि दोष दुसऱ्यावर जाऊ दिलाय. तिच्या आईबापांच्या कानावर गेलं तरी चालेल. पण ती विचारणार, "वर बघितलंत?" आणि इथे माझी गाडी अडते. हा कागद कुठे जाणार नाही, टिकल्यांच्या पाकिटाखाली राहील, म्हणून लिहिते. मी वर बघितलं नव्हतं, बाई. तिच्याकडे नाही, लोकांकडेही नाही. एवढ्या टाळ्या वाजत होत्या, आणि मला फक्त एकदा बघायचं होतं, तुम्ही माझ्याकडे बघताय का.