चौथ्या मजल्याची खिडकी

मेस्त्रे, जानेवारीअखेर

प्रिय तुल्लियो,

परवा फोनवर मी तुला एवढंच सांगितलं, की आईला दोन-तीन दिवस व्हेनिसला नेऊन आणलं, थंडी फार होती आणि सगळं नीट पार पडलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण आई शेजारीच बसून होती, म्हणून पुढचं बोलता आलं नाही. आज ती जेवून आडवी झाली आहे. बाहेर धुकं इतकं, की समोरचा बसथांबासुद्धा दिसत नाही. तेव्हा आता सगळं सांगते.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आई चाकाच्या खुर्चीत आहे, हे तुला ठाऊक आहे. पण आपल्या गावात, व्हेनिसमध्ये, चाकाची खुर्ची म्हणजे काय, ते अॅडलेडच्या रुंद रस्त्यांवर राहून तू विसरला असशील. लहानपणी आपण पूल पळत चढायचो आणि पळतच उतरायचो. पायऱ्या कधी दिसल्याच नाहीत. आता पायऱ्यांशिवाय दुसरं काही दिसत नाही. बोटीच्या थांब्यापासून पहिल्या पुलापर्यंत जो तुकडा असेल, तेवढंच काय ते गाव आपलं. म्हणून नाताळ झाल्यावर आईनं "मला गावात ने" असा धोशा लावला, तेव्हा मी म्हटलं, जरा ऊन पडू दे, वसंतात जाऊ. तर म्हणते, "वसंतात पाहुणे असतात. जानेवारीत माणसं असतात."

निघालो. मेस्त्रेहून बसनं पाण्यापलीकडे व्हेनिसला, जेमतेम पंधरा मिनिटं, तिथून एक नंबरची बोट. त्या आठवड्यात ओहोटी अशी लागली होती, की धक्क्यावरून तरंगत्या थांब्यावर उतरायची फळी घसरगुंडीसारखी उभी झालेली. मी खुर्ची उलटी धरून कशीबशी उतरवत होते. बोटीवरचा दाढीवाला खलाशी म्हणाला, "आजी, ब्रेक लावा, नाहीतर थेट लिदोच्या बेटावर पोचाल." आई म्हणाली, "तुझ्या आजोबाबरोबर जायचे मी लिदोला. ब्रेक न लावता." सगळी बोट हसली. तुल्लियो, इथे मेस्त्रेच्या फ्लॅटमध्ये दिवसभर 'हो' आणि 'नको' एवढंच बोलणारी आपली आई ती.

आत बसायला तयार नव्हती. नाक लाल झालं तरी बाहेरच, कठड्याजवळ. बोट या काठावरून त्या काठाला लागत जात होती आणि ती दोन्हीकडे मान वळवून बघत होती, लग्नघरात आलेली म्हातारी एकेकाचा चेहरा बघते तसं. मासळीबाजार गेला, जुनं टपाल ऑफिस गेलं. मग आपल्या जुन्या घराची गल्ली आली. मला वाटलं होतं, इथंच यायचं असणार तिला. उतरायचं का, विचारलं. तिनं मान हलवली. "त्या घरात मी भरपूर राहिले," म्हणाली.

मुक्काम मोमीकडे होता. आपला हा मामेभाऊ अजून तळमजल्यावरच राहतो, दर भरतीला लादी पुसतो आणि जागा सोडायचं नाव काढत नाही. त्याच्या स्वयंपाकघरात जेवताना आईनं कास्तेल्लो भागातल्या एका धक्क्याचं नाव घेतलं. होड्यांच्या बंद कारखान्यामागचा, चिंचोळ्या कालव्यावरचा. मोमीचा चमचा थांबला. "एर्मेसकडे?" त्यानं विचारलं. आई ताटाकडे बघत म्हणाली, "त्याचे गुडघे गेलेत म्हणे."

मला हे नाव माहीतच नव्हतं. ताटं धुताना मोमीनं सांगितलं. लग्नाआधी आई आणि एर्मेस एकाच होडीत वल्ही मारायचे, शर्यतींत उतरायचे. लग्न ठरल्यातच जमा होतं. मग तो मालवाहू जहाजावर गेला. ते जहाज दूर कुठल्याशा बंदरात अडकून पडलं आणि त्याची खबरच येईना. जहाज बुडालं, असं सगळे म्हणायला लागले. तो परत आला तेव्हा आईचं बाबांशी लग्न झालेलं आणि पोटात तू होतास. दोष कुणाचाच नव्हता. पुढे त्यानंही संसार केला, बायको गेली. सगळा जन्म दोघं एकाच गावात राहिली. बोटीवर समोरासमोर आली तर मान लववायची, बस.

दुसऱ्या दिवशी मोमी दुकानांना माल पोचवतो त्या बोटीतून जायचं ठरलं, कारण त्या धक्क्याला चहूबाजूंनी पूल आहेत. पण ओहोटीनं कालव्याचा तळ उघडा पडलेला. चिखलात होड्या कुशीवर झोपलेल्या आणि तो आपला ओळखीचा वास. पाणी चढेपर्यंत थांबणं आलं. आई उजाडल्यापासून कोट घालून, ओठांना रंग लावून, दारात पाण्याकडे तोंड करून बसली होती. दुपारी पाणी चढलं. मोमी म्हणाला, फ्रीज उचलायच्या यारीनंच चढवतो. आई म्हणाली, "जपून हं, माझं दार नीट लागत नाही." शेवटी मोमीनं आणि त्याच्या शेजाऱ्यानं तिला खुर्चीसकट उचलून पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांमध्ये ठेवलं.

एर्मेस राहतो चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून तो खाली उतरलेला नाही. तिला वर जाता येईना, त्याला खाली येता येईना. मोमीनं घंटा वाजवून हाक मारली. बऱ्याच वेळानं खिडकी उघडली. लोकरीची टोपी घातलेलं एक म्हातारं डोकं बाहेर आलं आणि खाली बघत राहिलं.

"एल्दा," तो म्हणाला, "म्हातारी झालीस गं."

"तुला तिथनं दिसतंय होय?"

"धुक्यातनं दिसतं तेवढं."

"मग धुकंच असेल ते."

आणि सुरू झाली की दोघं. गुडघे, गोळ्या, कोण गेलं, कोण उरलं. बायका कडेनं पिशव्या घेऊन जात होत्या आणि आवाज खाली करून जात होत्या. मध्येच वरून दोरीला बांधलेली पावाची टोपली उतरली. तिच्यात कागदात गुंडाळलेले गरम फ्रितोले, आपले ते तळलेले गोड गोळे, वर साखर. आईनं हातमोजा काढून एक खाल्ला. मग गळ्यातला मफलर काढून टोपलीत ठेवला आणि म्हणाली, "ओढ वर. केव्हाचा खिडकी उघडी टाकून बसलायस."

पाणी उतरायला लागलं. मोमी घड्याळ बघायला लागला. तेव्हा एर्मेसनं विचारलं, "परत कधी?"

आई म्हणाली, "मी लांब राहते आता, एर्मेस. मेस्त्रेला."

त्यानं तिचा मफलर गळ्याभोवती गुंडाळला. मग म्हणाला, "मी त्याहून लांबनं परत आलो होतो."

परतताना बोटीत आईनं हात मांडीवर उघडे ठेवले होते, थंडीनं निळे पडेपर्यंत. बोटांची साखरही पुसली नाही. मीही हातमोजे घाल म्हटलं नाही.

आता, का लिहिते ते. त्याच्या घरासमोर, कालव्यापलीकडे, तळमजल्यावर दोन खोल्या आहेत. उन्हाळ्यात पाहुण्यांना देतात, हिवाळ्यात मोकळ्या असतात. दार थेट काठावर उघडतं, मध्ये एकही पायरी नाही. मोमीनं मालकिणीशी बोलून ठेवलंय, ईस्टरपर्यंत मिळतील. मी रजा काढून आईसोबत राहीन. सगळं जुळलंय, फक्त ती 'हो' म्हणत नाही. म्हणते, "तुल्लियोचा बापावर फार जीव होता. त्याला काय वाटेल?" तुला यातलं काही विचारायचं नाही, असंही मला बजावलंय. पण फोन वाजला, की केस सारखे करते. बाबांचं म्हणशील तर मोमी सांगतो, ते होते तेव्हा रस्त्यात एर्मेस दिसला की टोपी आधी बाबाच काढायचे. तुला राग आला तर माझ्यावर काढ, माझी सवय आहे. पण हे पत्र मिळेल त्या रविवारी तिला फोन कर. एर्मेसचं नाव नको, माझं नको, परवानगी वगैरे तर नकोच. एवढंच म्हण, "आई, तळमजल्यावर ओल असते, लोकरीचे मोजे ने." पुढचं ती समजेल.

वाट बघणारी, तुझीच
नीवेस