शिट्टीवाल्याची वरची कवळी

प्रिय ताईस, धाकटीचा खुर्चीत बसल्या बसल्या नमस्कार. (वाकून केला असता, पण रविवारपासून पाठ धरली आहे. का धरली ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणारच, तेव्हा ते विचारून तुला उगाच खोटं बोलायला लावत नाही. भावोजींचा खोकला आणि खोकल्यामागून येणारी त्यांची मतं, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. आमच्याकडे सगळे मजेत. सासूबाई तर इतक्या मजेत आहेत की माझा जीव टांगणीला लागला आहे. फोनच करणार होते, पण मी फोन कानाला लावला की त्या समोर येऊन बसतात आणि माझंच बोलणं मला हातवाऱ्यांनी सुचवत राहतात. म्हणून हे पत्र. वाचून झालं की फाडून टाक. भावोजींना दाखवू नकोस, ते दुरुस्त्या करतील.

तर रविवारी आम्ही चौकडीचा कार्यक्रम बघून आलो. हो, आपली चौकडी! तू कपाटाच्या दाराला आतून ज्यांचं पोस्टर चिकटवलं होतंस आणि बाबांनी दार उघडल्यावर ‘हे माझे गणिताचे सर आहेत’ असं ज्यांच्याबद्दल सांगितलं होतंस, तेच ते. ‘सगळी गाजलेली गाणी, एकाच दुपारी’ असा फलक गावभर लागला होता. चौघांतले आता साडेतीनच राहिले आहेत म्हण ना, कारण ढोलकवाला अर्धा वेळ विश्रांतीच घेतो. पण शिट्टीवाला मात्र तसाच. आठवतं ना, त्याच्या पुढच्या दोन दातांत फट होती, आणि ‘सावकाश, सखे, सावकाश’ म्हणताना प्रत्येक ‘स’ला त्या फटीतून बारीक शिट्टी वाजायची? तू तर ती शिट्टी यावी म्हणून दोन दातांच्या मध्ये पेन्सिल धरून झोपायचीस. (दात सरकले नाहीत, पेन्सिलीची चव मात्र तुला आवडायला लागली.) आता मी तुला एक गोष्ट सांगणार आहे, जी सांगितल्याबद्दल माझी नोकरी जाऊ शकते. ती फट खोटी आहे. म्हणजे पूर्वी खरी होती. आता त्याला वरचा एकही दात नाही, पण लोकांना फट लागते, म्हणून त्याने कवळीतही फट करून घेतली आहे.

हे मला कसं कळलं? अगं, ती कवळी माझ्या हातात होती! शनिवारी सकाळी आमच्या लॅबमध्ये काळा चष्मा घातलेला एक माणूस आला. तो चौकडीचा व्यवस्थापक. कसलं तरी कडक बिस्कीट चावताना साहेबांच्या कवळीला टाळूपासून तडा गेला होता, आणि उद्या चार वाजता स्टेजवर उभं राहायचं होतं. मी एकोणीस वर्षं कवळ्या करते आहे, पण ही हातात घेण्याआधी मी हात दोनदा धुतले. तुला आमची पद्धत ठाऊक आहे. प्रत्येक काम आपापल्या वाटीत, आणि वाटीला पेशंटच्या नावाची चिठ्ठी. चिठ्ठीशिवाय वाटी ठेवली तर मी नव्या मुलींना फाडून खाते. पण चष्मेवाल्याने बजावलं की नाव कुठेही लिहायचं नाही, बोभाटा होईल. झालं, ही वाटी बिनचिठ्ठीची. आणि त्याच दिवशी सासूबाईंची वरची कवळीही पॉलिशला आणलेली, कारण एवढ्या मोठ्या कार्यक्रमाला मळकट दातांनी जाणार नाही असं त्यांनी आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं. घरचंच काम, त्याला कसली चिठ्ठी! निळी वाटी साहेबांची, पांढरी सासूबाईंची, असं मी मनात पक्कं केलं. नव्या मुलींना हे कळलं तर त्या मला फाडून खातील.

रविवारी सकाळी लॅब खास उघडली. दोन्ही कामं झकास झाली होती. अकराच्या सुमाराला सासूबाई नटूनथटून, तोंडाला रुमाल लावून आल्या आणि स्टुलावर बसल्या. मी आत आरशापाशी केस नीट करायला गेले. (पाच मिनिटं. बरं, दहा.) बाहेर येते तो सासूबाईंनी आपली कवळी लावून, ओठ घट्ट मिटून, हाताची घडी घातलेली. कशी बसली विचारलं तर नुसती मान हलवली. तेवढ्यात चष्मेवाला आला. मी निळ्या वाटीतली कवळी डबीत घातली आणि त्याला दिली. घालताना मी तिच्याकडे बघितलं का? नाही बघितलं. मी खिडकीतून त्याच्या गाडीत कोण बसलंय ते बघत होते. (कोणी नव्हतं. मागच्या सीटवर एक इस्त्रीचा कोट होता.)

हॉलमध्ये आमच्या जागा चौदाव्या रांगेत. आजूबाजूला सगळं आपल्याच वयाचं पब्लिक, निम्म्यांच्या हातात काठ्या, आणि पडदा वर गेल्यावर त्या काठ्या अशा हवेत गेल्या की पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांची टोपीच उडाली. मीही ओरडले. अगं, मी रडलेसुद्धा! शिट्टीवाला त्याच इस्त्रीच्या कोटात पुढे आला, हात पसरले आणि हसला. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर त्याचं हसू माणसाएवढं दिसलं. आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. फट नव्हती. एकसारखे दात, फक्त डावीकडचा सुळा जरासा वळलेला. तो सुळा मी चार वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने वळवला होता, कारण सासूबाई म्हणाल्या होत्या की अगदी सरळ दात खोटे वाटतात. मी सावकाश मान वळवली. सासूबाई त्याच्याकडे बघून तोंडभर हसत होत्या. मधोमध फट.

ताई, दोन माणसांच्या टाळूचं माप असं जुळावं हे मी एकोणीस वर्षांत पाहिलेलं नाही. (की त्याने डबाभर चिकट पावडर वापरली, देव जाणे.) पण त्या वेळी मला मापाचं कौतुक सुचत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की वरच्या पट्टीतला एखादा सूर लागणार, कवळी सुटणार, पहिल्या रांगेत कुणाच्या तरी मांडीवर पडणार आणि ती उचलून लोक विचारणार, ही कुणी केली? मग माझी नोकरी गेली, लॅबचं नाव गेलं, आणि सासूबाईंना कळणार की आपण भर सभेत परपुरुषाचे दात घालून बसलो आहोत. मामंजी गेल्यापासून सहा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून कुठे जायचं म्हटलं होतं. त्या दिवसाची माती माझ्या हातून होणार होती. मी चौदाव्या रांगेत, काहीतरी शोधल्याचं नाटक करत, दोन खुर्च्यांच्या मध्ये जाऊन बसले. पाठ धरली ती तिथे.

पहिली सहा गाणी मी खुर्चीखालून ऐकली. सायकलचं गाणं झालं, टेलिफोनचं झालं, लोक नाचून दमले आणि मग औषधं घ्यायला मध्यंतर झालं. कवळी जागची हलली नाही. (काम माझं आहे, हे विसरू नकोस.) पण मग आलं ‘सावकाश, सखे, सावकाश’. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. त्याने पहिला ‘स’ घेतला. शिट्टी नाही. दुसरा घेतला. नाही. तो दचकला, तोंडाकडे हात गेला, वाजवणारे एकमेकांकडे बघायला लागले. मागे कुणीतरी चक्क हुंदका दिला. लोक त्या शिट्टीसाठी आले होते गं! बिचारा तिथे उभा होता, चाळीस वर्षांचं गाणं त्याच्या तोंडातून गेलेलं, आणि तो मला एकदम म्हातारा दिसला. मला इतकं वाईट वाटलं की उठून सगळ्यांसमोर कबूल करावं असं मनात आलं. खरंच उठलेही. आणि तेवढ्यात माझ्या शेजारून, अगदी सुरात, अगदी वेळेवर, ती शिट्टी आली.

सासूबाई! डोळे मिटून ‘सावकाश, सखे’ म्हणत होत्या आणि प्रत्येक ‘स’ला फटीतून ती शिट्टी वाजत होती. आधी रांग वळली, मग अख्खा हॉल. शिट्टीवाला स्टेजच्या कडेपर्यंत आला, कपाळावर हात धरून बघू लागला आणि म्हणाला, त्या बाईंना वर आणा. मी त्यांचा हात धरून ठेवला, पण त्यांनी तो असा झटकला की मी पुन्हा खुर्च्यांच्या मध्ये. मग काय! दोघं एका माइकवर. तो शब्द म्हणतोय, त्या शिट्टी वाजवतायत, मागे पडद्यावर दोन्ही तोंडं दाराएवढी, आणि सबंध हॉलमध्ये मी एकटी, जिला कळतंय की कुणाच्या तोंडात काय आहे. गाणं संपल्यावर तो त्यांच्या कानाशी लागून काहीतरी बोलला, त्याही काहीतरी बोलल्या, दोघं हसले. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. सासूबाई खाली आल्या त्या लाजत आल्या. लाजत! ज्या बाईने माझ्या लग्नात छायाचित्रकाराला उभं कसं राहायचं ते शिकवलं होतं, ती बाई.

तेव्हापासून त्या घरभर शिट्टी वाजवत फिरतायत. आमचे ‘हे’ म्हणतात, आईला नवा सूर सापडला. मी हो म्हणते. सासूबाईंना सांगायला तोंडच उघडत नाही माझं. कसं सांगू? तो आनंद त्यांच्या दातांत आहे, आणि दात त्यांचे नाहीत. असो. तुझी तब्येत सांभाळ. भावोजींना नमस्कार, त्यांची मतं त्यांनाच लखलाभ.

तुझी,
धाकटी

ता. क. – काल चष्मेवाल्याचा फोन आला. म्हणाला, दुरुस्ती करताना तुम्ही फट बुजवलीत वाटतं, साहेबांना ती परत हवी आहे, पुढच्या गुरुवारी चौकडीचा कार्यक्रम तुमच्या शेजारच्या गावात आहे. म्हणजे तुझ्या गावात गं! आणि सासूबाई तो कार्यक्रम पुन्हा बघायला बुधवारी तुझ्याकडे येतायत. (हेच सांगायला एवढं पत्र. रागावू नकोस.) जेवण झालं की त्या कवळी वाटीत काढून तासभर पडतात. तेवढ्यात ती उचलायची, चष्मेवाल्याला द्यायची, त्याच्याकडची आणून वाटीत ठेवायची, आणि त्या उठल्यावर चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. तू बाबांसमोर गणिताचे सर ठोकून दिलेस, तुला हे जमेल. चूक माझी आहे, पण ताई, मला वाचव.

ता. क. २ – वाटी निळी की पांढरी ते बघत बसू नकोस. फट बघ.

आणखी थोडं – हे अक्षर माझं, म्हणजे हिच्या सासूचं. तुला अनेक आशीर्वाद. पाकीट चिकटवून पेटीत टाकायला हिने माझ्याकडे दिलं. चिकटवण्याआधी आत काय आहे ते बघावंच लागतं, म्हणून वाचलं. पोर उगाच झुरते आहे. चूक हिची नाही. ही आरशापाशी असताना वाट्यांतल्या कवळ्या मीच बदलल्या. फट बघताक्षणी ओळखली. चाळीस वर्षं मी त्याची गाणी म्हटली, म्हटलं एक दिवस त्याने माझ्या दातांनी म्हणावं. गाणं असं अडेल हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही, तेव्हा शिट्टी मलाच वाजवावी लागली. स्टेजवर त्याने कानात विचारलं, बाई, ते माझे ना? मी म्हटलं, हो, आणि ते माझे. तो म्हणाला, तुमचे फार छान आहेत, बारा वर्षांनी सफरचंद चावून खाल्लं. तेव्हा माझ्या झोपेत चोऱ्या करू नकोस. स्टेजवरच ठरलं, गुरुवारी अकरा वाजता तो स्वतः तुझ्याकडे येणार आहे. चष्मेवाल्याला यातलं काही ठाऊक नाही. त्या वेळात तू आणि तुझे यजमान कुठेतरी बाहेर जाऊन या. दात बदलायला माणसाला थोडा एकांत लागतो.