विहिरीचं लाल औषध

नंदुरबार, २० जून १९३८

प्रिय गुलशन,

तू माहेरी गेल्याला तेरा महिने झाले, आणि हे माझं पहिलंच पत्र. अक्षरं तुला मीच शिकवली, तेव्हा हे तुझ्या भावाकडून, शौकतकडून, वाचून घेऊ नकोस. एकटीनं वाच.

इथे सगळं जागच्या जागी आहे, म्हणूनच घर खायला उठतं. दोन हंडे भरायचो, आता एकच भरतो, तोही अर्धा उरतो. भाकरी अजून जमत नाही. एक बाजू जळते, दुसरी कच्ची राहते. पाहिलं असतंस तर पोट धरून हसली असतीस.

काम तेच. संध्याकाळी बादलीत पटकीवरचं लाल औषध कालवायचं आणि गावातल्या विहिरींत ओतत फिरायचं. बायका अजून नाकं मुरडतात. बोटांवरचे तपकिरी डागही तसेच आहेत. या बोटांनी आपल्या अमिनाला घास भरवू द्यायची नाहीस तू, आणि ती लबाड मुद्दाम माझ्याच ताटावर येऊन बसायची.

तिला पुरून आलो त्या दिवशी सगळ्या बायकांसमोर तू म्हणालीस, "तुन्ही लाल दवानी मन्ही पोर खादी." मी मान खाली घालून उभा राहिलो. तुला वाटलं, मी कबूल केलं.

कबूल करायचं होतं ते वेगळंच. शेजारच्या नानीबाईच्या नातीचं लग्न होतं ना, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी चिंचेखालच्या विहिरीवर बादली घेऊन गेलो, तर नानीबाई आडवी आली. रात्रीपासूनच चुली पेटणार होत्या. "युसुफभाऊ, आजना दिन ऱ्हाऊ दे. भात लाल व्हई जाई, व्याही नावं ठेवतीन." बिचारी हात जोडत होती. गावात पटकीची साथ आहे हे तिच्यापेक्षा मला जास्त ठाऊक होतं. तरी म्हटलं, एका दिवसानं काय होतंय! आणि पुढच्या विहिरीकडे वळलो. दुसऱ्या दिवशी अमिना त्याच मांडवात जेवली, तेच पाणी प्यायली. औषधानं नाही गेली ती, गुलशन. मी औषध टाकलं नाही म्हणून गेली.

हे मी मरेपर्यंत सांगणार नव्हतो. औषधाला बोल लागत होता तोवर मी सुटत होतो. पण काल शौकतचं पत्र आलं. अक्कलकुव्यात तुमच्या गल्लीतली दोन माणसं पटकीनं गेली, आणि औषधवाला आला की तू अमिनाचं नाव घेऊन विहिरीपुढे उभी राहतेस, म्हणून कुणी त्याला औषध टाकू देत नाही. तो पुन्हा येईल तेव्हा त्याला ओतू दे. रंग उतरेपर्यंत थांब आणि मग पी. गल्लीतल्या बायकांना खरं काय ते माझं नाव घेऊन सांग. मला माफ करू नकोस, परतही येऊ नकोस. फक्त त्या विहिरीपुढून बाजूला हो.

अजूनही तुझाच,
युसुफ