तुझं गुंतवळ

आई, आज एक मासा जिवंत सोडला. शेपटीचा नखाएवढा तुकडा कापून घेतला, बास. तेवढ्यावरून अख्ख्या माशात पारा किती असेल त्याचा अंदाज बांधता येतो. मासा पकडून देणारा कोळी वैतागला, "मैडम, इतने-से के लिए पकड़वाया था?" मी हसले, आणि मग तिथेच, तळ्याच्या काठावर, तुझी आठवण आली.

तू होतीस तेव्हा आम्ही लॅबवाले तपासणीसाठी मासा मारायचो. पाठीचं बोटभर मांस तपासणीला ठेवायचं आणि उरलेला टाकून द्यायचा, असा नियम. मी तो पिशवीत घालून अरेरा कॉलोनीतल्या आपल्या घरी आणायचे. बाबांच्या नोकरीपायी मालवण सोडून भोपाळला आलेली तू. दोन्ही शेजारी शाकाहारी, म्हणून खिडक्या लावून घेऊन तळायचीस. "तळ्यातला तो, चिखलाचा वास येणारच," म्हणत नाक मुरडायचीस आणि काटे तेवढे ताटात उरायचे. दिवसभर मासे चिरून मला वासानेच मळमळायचं, त्यामुळे सगळा तुझ्याच वाट्याला.

रिपोर्ट यायला महिने लागायचे. गावाबाहेरच्या ज्या तळ्यावर माझं काम चालू होतं त्याचा आला तेव्हा मी कागद दोनदा वाचला. खाऊ नये इतका पारा. वर्षभर मी तुला तिथलेच मासे खाऊ घालत होते. घरी येते तर तू दारातच विचारतेस, "आज काही नाही आणलंस?" मी म्हणते, "तिथलं काम संपलं गं." एवढंच.

पुढे तुझे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, वय झालं. एकदा माझ्या फायलींवर चहा सांडलास तेव्हा मी केवढ्यांदा ओरडले, "नीट धरता येत नाही का तुला?" तू पदराने कागद टिपत राहिलीस. त्यानंतर माझ्यासमोर कप दोन्ही हातांनी धरायचीस. ते आठवलं की मला स्वतःचा तिटकारा येतो.

अंबाड्यात घालायला गंगावन करायचं म्हणून तू विंचरल्यावर निघालेलं गुंतवळ बोटाला गुंडाळून पिशवीत साठवायचीस. ती पिशवी माझ्याकडे आहे. पारा केसांतही उतरतो, आणि आमच्या आताच्या नव्या मशीनवर केसही तपासता येतात. दहा मिनिटांचं काम. गेल्या आठवड्यात ती लॅबमध्ये घेऊन गेले. नमुना कुठून आणला, या रकान्यापाशी अडले आणि परत आले. आता हे पत्रही त्याच पिशवीत ठेवते.

एक मात्र सांगते. रिपोर्ट आला त्या दिवशी फ्रीजमध्ये आदल्या दिवशीचे दोन तुकडे होते. तू ते गरम करून खाल्लेस. मी समोर बसले होते.